तुळसक्कांचं रविवारचं भजन

दारू सोडवायची तर आधी दारू सोडलेली माणसं शोधावी लागतात, आणि ती शोधायला निघालं की कळतं, आपल्या लोकांत दारू कुणी पीतच नाही. बेंगळूरच्या आमच्या मराठी गोतावळ्यात लोकांना ॲसिडिटी होते, ऑफिसचं टेन्शन येतं, एका गृहस्थांचं तर लिव्हर पावभाजीमुळे गेलं. मराठी मंडळातल्या एका काकूंकडे मी चाचपडत विषय काढला, तर त्या म्हणाल्या, "अगं, आपल्यात नाही बाई असलं काही. उकडीच्या मोदकांचा वर्ग आहे, त्याला येतेस?" त्यांचे यजमान तेव्हा भरदुपारी आतल्या खोलीत घोरत पडले होते. ते कशामुळे, हे त्यांच्या इमारतीच्या वॉचमनलाही ठाऊक होतं.

माझा नवरा अविनाश सरकारी कंपनीत इंजिनियर. तो पितो हे सगळ्यांत आधी मला कळलं आणि सगळ्यांत शेवटी त्याला. मधल्या काळात आम्ही दोघांनी मिळून पुष्कळ ताप, जुलाब आणि कंबरदुखी त्याच्या साहेबांना फोनवर कळवली. शेवटी डॉक्टर म्हणाले, औषध मी देतो, पण याला असल्याच माणसांत बसवा. असली माणसं कुठे मिळतात ते त्यांनी सांगितलं नाही.

पहिली मिळाली ती एचएसआर लेआउटमध्ये. बसायला जमिनीवर पोत्यासारख्या गुबगुबीत गाद्या, खिडकीत कुंड्या, आणि गवताच्या वासाचा चहा. तिथं दारूला कुणी दारू म्हणत नव्हतं. 'माझं आणि अल्कोहोलचं रिलेशनशिप' असं म्हणत. अविनाशला ते फार आवडलं. तो तिथं इंग्रजीत इतकं सुरेख बोलला, की संयोजकांनी त्याला पुढच्या वेळी नवख्यांना मार्गदर्शन करायची गळ घातली. त्या आनंदात तो घरी येताना पिऊन आला.

एक गट आम्ही राहतो त्या हेब्बाळमध्येच होता, चालत जाण्यासारखा. पण तिथं कुणी पाहिलं तर? दारू घराखालच्या दुकानातून आणायची आणि सोडायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं, अशी आमची अब्रू. तेव्हा जे. पी. नगर. एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी हे लोक जमतात, हे मला माझे ब्लाऊज शिवणाऱ्या पेटेतल्या शिंपीणबाईंनी सांगितलं. पेटे म्हणजे इथलं जुनं शहर. "तिथं आमची तुळसक्का असते, तिला विचारा," असंही त्या म्हणाल्या, आणि लगेच मशीन जोरात चालवायला लागल्या.

तुळसक्का हॉलच्या दारातच बसल्या होत्या. खुर्ची बरोबर उंबरठ्यावर, निम्मी आत आणि निम्मी बाहेर. सत्तरीच्या पुढची, काटकुळी बाई. कडक इस्त्रीचं सुती पातळ, अंबाड्यात केशरी अबोलीचा गजरा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि पदराला दोरा ओवलेल्या सुया टोचलेल्या. शेजारी चहाचं पिंप. मी त्यांना शाळेची बाई समजले आणि माझी छत्री त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, उघडून बघितली, आणि मिटून आपल्या खुर्चीखाली ठेवून दिली.

"कोण पितं?" त्यांनी विचारलं.

"हे," मी म्हणाले. "म्हणजे रोज नाही. ऑफिसचं जरा—"

"तू का बोलतीस अम्मा? तोंड नाही काय त्याला?" मग अविनाशकडे वळून, "तुला हिनं आणलं, की तू आलास?"

"आम्ही दोघं मिळून ठरवलं," मी म्हणाले.

"परत तूच! पाय पण नाहीत काय त्याला?" आणि त्यांनी त्याला आत घेतलं, मला बाहेर ठेवलं.

आत फक्त पिणारे. आमच्यासारख्या बायका बाहेर खिडकीखालच्या कट्ट्यावर. प्रत्येकीच्या मांडीवर तुळसक्का एक सूप आणून आदळायच्या. थंडीचे दिवस होते आणि बेंगळूरची थंडी म्हणजे अवरेकाय, आपल्या पावट्याची इकडची बहीण. आधी शेंगा सोलायच्या, मग भिजवलेले दाणे चिमटीत दाबून सालीतून बाहेर काढायचे. बोटं चिकट होतात, त्यांचा वास दोन दिवस जात नाही. हंगाम संपला की कोथिंबीर निवडायला, नाहीतर फुलं ओवायला. आतून कुणाचा आवाज चढला आणि आम्ही मान वर केली, की उंबरठ्यावरून हुकूम यायचा, "शेंगा सोला." हात रिकामे ठेवले की बायका आतलं ऐकतात आणि घरी जाऊन नवऱ्याला तेच ऐकवतात, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच होतं. सोललेले दाणे घेऊन त्या घरी जात आणि पुढच्या रविवारी चहाबरोबर सगळ्यांना त्याची उसळ खायला घालत. अगदी तिखटजाळ असायची.

त्या दिवशी वाट बघता बघता मी जरा सहानुभूतीनं विचारलं, "तुमचेही मिस्टर का?"

"माझा नवरा?" त्या म्हणाल्या. "देवमाणूस. कॉफीपण अर्धाच पेला प्यायचा. मी पीत होते."

कट्ट्यावरच्या जुन्या बायका खाली बघून शेंगा सोलत राहिल्या. हा प्रश्न प्रत्येक नवी बाई विचारते आणि प्रत्येक वेळी तिचं तोंड असंच होतं, हे त्यांना माहीत होतं. मंडळातल्या काकू तिथं असत्या, तर त्यांना झीट आली असती.

मीटिंग चालवणारे दुसरे होते. आत तुळसक्का कधी कुणाला अडवत नसत. आतला नियमच तसा, एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. त्यांचं काम चहापासून सुरू व्हायचं. नव्या माणसानं सगळ्यांचे पेले घासायचे, हा त्यांनी घातलेला रिवाज. मोठमोठ्या कंपन्यांतले साहेब नळाखाली ओणवे होऊन पेले विसळताना मी पाहिले. "साबण लाव, साबण. तुझ्या बायकोनं तुझी ओकारी नुसत्या पाण्यानं धुतली काय?" अविनाशनं लग्नानंतर पहिल्यांदा भांडं घासलं ते तिथं. मला त्याची कीव आली नाही. उलट घरी कसं जमत नव्हतं, याचा राग आला.

दुसरं हत्यार पदरावरच्या सुया. पिणाऱ्या माणसाच्या शर्टाचं एखादं बटण लोंबतच असतं. त्या सरळ शर्ट धरायच्या आणि अंगावरच टाके घालायला लागायच्या. छातीवर सुई टेकलेली असताना माणूस पळत नाही. मग जे काही सुनवायचं ते सुनवून घ्यायच्या. एकदा एक तरणाबांड गडी बायको सोडून गेली म्हणून हुंदके देत होता आणि चार जण त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. तुळसक्कांनी त्याची कॉलर ओढली. "बाप्या रडला की सगळे हळहळतात. मी रडले तर नाटक करते म्हणून सांगितले. साकू आता, पुरे. रडण्याचीपण नशा चढते." त्यानं रडणं थांबवलं, कारण सुई खरोखरच जवळ होती.

किती दिवस सोडली, हे मोजणाऱ्यांवरही त्यांचा दात. "दिवस कैदी मोजतात. तुला परत बाहेर सोडायचंय काय?"

अविनाश तिथंही छान बोलला. खिडकीतून त्याचं इंग्रजी ऐकू येत होतं. बालपण, स्पर्धा, एकटेपणा. आतले दोघे-तिघे डोळे पुसत होते. मला वाटलं, सुटलो. चहाच्या वेळी तुळसक्कांनी त्याच्या बाहीचं बटण धरलं.

"छान बोललास. आता मराठीत सांग."

"म्हणजे?"

"तुझ्या घरात काय बोलता? मराठी. बायकोला खोटं कशात सांगितलास? मराठीत. ज्या भाषेत खोटं बोललास, त्या भाषेत खरं बोल. इंग्लिशमध्ये तू दारुडा नाहीस, इंग्लिशमध्ये तू साहेब आहेस."

अविनाशनं तोंड उघडलं. "मी... मला..." पुढे काही येईना. ज्या माणसानं परदेशी पाहुण्यांसमोर तासतास भाषणं ठोकली, त्याला तीन शब्दांचं मराठी वाक्य पुरं करता येईना. तुळसक्कांनी दोरा दातानं तोडला. "सरी, असू दे," त्या म्हणाल्या. "घाई नाही. पेले घास."

काही आठवडे बरे गेले. मग एका शनिवारी अविनाश केस कापायला गेला आणि होते तेवढ्या सगळ्या केसांसकट परत आला. जिना चढतानाच वास पुढे आला. दुसऱ्या दिवशी मीटिंगला जायला त्यानं नकार दिला. मग मी जे प्रत्येक शिकलेली बाई करते तेच केलं. मोठ्या माणसाला फोन केला, की तुम्ही येऊन त्याला चार शब्द सांगा.

तुळसक्का सोमवारी सकाळी आल्या. पेटेतून हेब्बाळला दोन बस बदलून. अविनाश आतल्या खोलीत झोपेचं सोंग घेऊन पडला होता. मी दार लोटलं, तर त्या म्हणाल्या, "त्याला बघायला नाही आले. पोहे कर." पोह्यांत साखर आहे म्हणून मला आणि सगळ्या पुण्याला नावं ठेवली, आणि ते सगळे खाल्ले. मग बोलल्या. मुद्दाम मोठ्यानं बोलत होत्या, असं मला आता वाटतं.

त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या शिवणकाम. आजेपणजे कधी इकडे आले ते कुणाला ठाऊक नाही. घरात मराठी, दारात कन्नड. त्या वेळी दारू प्लास्टिकच्या पुड्यांत मिळायची. पुडी चपटी, ब्लाऊजपिसांच्या घडीत बरोबर बसायची. गिऱ्हाइकांच्या कापडात त्यांनी वर्षानुवर्षं ती लपवली. घरच्यांना कळलं तेव्हा कुणी दारूचं नाव काढलं नाही. तुळसाला चक्कर येते, असं सांगितलं. अंगारे झाले, दोरे झाले, देवीला साडी झाली.

"पद्माचं लग्न ठरलं. माझी एकच पोर. मांडवात आई डुलली तर? म्हणून मला वरच्या खोलीत घातले आणि बाहेरनं कडी लावले. पाहुण्यांना सांगितले, टायफॉइड. मला अक्षतांचे तांदूळ कोण देणार? डब्यातले घेतले. वाजंत्री चढली की खिडकीतनं टाकले. खाली पत्रा होता. सगळे तांदूळ पत्र्यावर पडले. पोरीच्या डोक्यावर एक पण नाही." चष्म्याची काडी त्यांनी नीट केली. "त्या दिवशी मी प्यायले नव्हते अम्मा. लग्न म्हणून सोडले होते. कुणी विचारलेच नाही."

मला रडू आलं. त्यांनी बशी माझ्यापुढे सरकवली, धुवायला.

"आता पद्मा येते. दसऱ्याला येते, चांगलं बोलते. पण जावई मोठ्या पोस्टवर. नातवंडांना सांगितलंय, आज्जीला रविवारी भजन असतं म्हणून." त्या फस्सदिशी हसल्या. "भजन! मला एक ओळपण येत नाही."

निघताना म्हणाल्या, "रविवारी ये."

"आणि ते नाही आले तर?"

"त्याचे पाय तुझ्याकडे आहेत काय? तू ये. साहेबांना फोन करू नको, ताप सांगू नको. सुम्ने, गप शेंगा सोल."

मी जायला लागले. एकटी. आमच्या सोसायटीत चर्चेला ऊत आला. नवरा पितो आणि ही बाई दर रविवारी नटून कुठं जाते? मंडळातल्या काकूंनी तर पोटतिडकीनं फोन केला, "घरात अशी परिस्थिती असताना बाईनं घराबाहेर पडू नये." मी म्हणाले, "भजनाला जाते, काकू." त्यांना ते लगेच पटलं. भजन म्हटलं की आपल्या लोकांना सगळं पटतं.

सोमवारी अविनाशच्या ऑफिसातून फोन यायचा, तो मी त्याच्याच हातात द्यायला लागले. पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्याला विहिरीत ढकललंय. मला भीती वाटत होती. नोकरी जाईल, माणूस जाईल, आणि तुळसक्का आपल्या शेंगा सोलत बसतील. एका रविवारी मी त्यांना तसं तोंडावर सांगितलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "होय, तसंही होतं." बाकी काही धीर दिला नाही. त्या बाईला धीर देणं माहीतच नव्हतं.

थंडी सरता सरता, शेवटच्या अवरेकायच्या सुमारास, मी कट्ट्यावर बसले होते आणि शाळेच्या फाटकातून अविनाश आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. बसनं आला होता, हातात तिकीट होतं. मी उठले. काय करणार होते देव जाणे. बहुतेक त्याची कॉलर नीट करणार होते.

"बस," उंबरठ्यावरून आवाज आला. "शेंगा सोल."

तो माझ्याकडे न बघता आत गेला. थोड्या वेळानं त्याचा आवाज ऐकू आला. हळू, घोगरा, आणि मराठी. "मी अविनाश," तो म्हणाला. मी सूप खाली ठेवून कान टवकारले. एवढ्या वर्षांनी ते वाक्य ऐकायचा हक्क माझा नाही तर कुणाचा? तेवढ्यात तुळसक्का खुर्चीतून उठल्या, खिडकीशी आल्या, आणि माझ्या तोंडावर त्यांनी खिडकी लावून घेतली. वरून खिट्टीही घातली.

चहाच्या वेळी मी चांगलीच भांडले. त्या शांतपणे पिंपाची तोटी पुसत होत्या. "ते तुझ्यासाठी नव्हतं," म्हणाल्या. "तुला ऐकवायला बोलला असता तर परत तुझ्यासाठीच सोडली असती. मग तुझ्यावर रुसला की प्यायला मोकळा." अविनाश नळाशी ओणवा होऊन पेले घासत होता. साबण लावून.

त्यानंतर तो स्वतः जात राहिला. मला घेऊन नव्हे, माझ्या पुढे. आत तो काय बोलला ते मी कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही. घरी त्या विषयावर आम्ही अगदी बेताचं बोलायचो, आणि तेवढ्या बेताच्या बोलण्यातही 'प्रॉब्लेम' हा इंग्रजी शब्द असायचा.

गेल्या वर्षी तुळसक्का गेल्या. सकाळी गजरा माळता माळता खाली बसल्या आणि संपल्या. गटातल्या कुणाकुणाला निरोप गेला आणि आम्ही वीसेक माणसं पेटेतल्या त्यांच्या गल्लीत जमलो. खाली शिवणकामाचं दुकान, वर घर. त्यांना खालीच, दुकानातली मशिनं सरकवून ठेवलं होतं. दारात जावई उभे होते, पांढराशुभ्र शर्ट, हातात फोन. ऑफिसातल्या लोकांना ते सांगत होते, "फारच धार्मिक होत्या. साधी, देवभोळी बाई. शुगर होती थोडी." मेल्यावरसुद्धा बाईला वरच्या खोलीत घालून कडी लावायचं काम अगदी शिस्तीत चाललं होतं.

आमची टोळी दाराशी गेली. ती टोळी बघण्यासारखीच. एक रिक्षावाला, एक बँक मॅनेजर, तो तरणाबांड गडी, एक कॉलेजात शिकवणारी बाई, आणि मधे अविनाश. जावयांनी विचारलं, "आपण?" सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. कुणीतरी पुटपुटलं, "रविवारचे."

जावयांचा चेहरा उजळला. "अच्छा, भजनी मंडळ! या ना, या. बरं झालं आलात." आणि पाहुण्यांकडे वळून मोठ्यानं, "आईंचं भजनी मंडळ आलंय." मग पुन्हा आमच्याकडे, हात जोडून, "न्यायच्या आधी एखादं भजन म्हणाल का? त्यांना फार बरं वाटेल."

सगळी गल्ली आमच्याकडे बघायला लागली. एका म्हाताऱ्यानं टाळ्यांसाठी हातही जुळवून तयार ठेवले. आत तुळसक्कांच्या उशाशी पद्मा बसली होती. ती मान वर करून आमच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत नुसती भीती होती. ही माणसं कोण आहेत ते तिला पक्कं ठाऊक होतं. रिक्षावाला खाकरला. बँक मॅनेजर छताकडे बघू लागले. एवढ्या माणसांत मिळून एक ओळ कुणाला येत नव्हती. मीच काहीतरी सुरू करावं, शाळेतली प्रार्थना का होईना, असं ठरवून मी तोंड उघडलं. वेळ सावरायची माझी जुनी खोड.

अविनाशनं माझ्या हातावर हात ठेवला आणि एक पाऊल पुढे गेला.

"आम्हाला भजन येत नाही," तो म्हणाला. "मी अविनाश. मी दारुडा आहे."

"नमस्कार, अविनाश," मागून सगळे एका सुरात म्हणाले. सवयच ती. दर रविवारी म्हणतात.

जावयांच्या हातातला फोन वाजत राहिला. पद्मा उठली. मला वाटलं, आता ही आम्हाला बाहेर काढते. तिनं उशाशी ठेवलेली समई जरा बाजूला सरकवली, पाट ओढला, आणि म्हणाली, "इकडं या. आईजवळ बसा."

अविनाश बसला. मी त्याच्या मागे उभी राहिले. तुळसक्कांचा चष्मा कुणीतरी काढून ठेवला होता, गजरा मात्र तसाच होता, अर्धा माळलेला, आणि पदराला दोन सुया टोचलेल्या होत्या, त्या काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. नवऱ्याच्या तोंडून ते वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं. मी दुकानाच्या खिडकीकडे बघितलं. ती सताड उघडी होती, आणि आज ती लावायला तुळसक्का उठल्या नाहीत.